तू दारातून परत पाठवलेली बाई

सोलापूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. ओजस यास अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. थंडी सरली, दुपारी पंखा लागतो. सूनबाईचा, चेतनाचा खोकला कमी झाला असेल. तिच्यासाठी शेंगांची चटणी पाठवली आहे. तुझ्यासाठी नाही.

फोन न करता पत्र पाठवते आहे, कारण फोनवर तू "आई, शांत हो" म्हणतोस आणि मी खरंच शांत होते. या वेळी मला शांत व्हायचं नाही.

संक्रांतीला तू आलास, चार दिवस राहिलास आणि पुण्याला गेलास. त्यानंतर माझ्याकडे लिहायला-वाचायला शिकणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. तीन वर्षं रोज चार वाजता येणाऱ्या बायका. आधी वाटलं, गड्ड्याच्या यात्रेत रमल्या असतील. आठव्या दिवशी काठी घेतली आणि गल्ली ओलांडून त्यांच्यातल्या सुंदरम्माकडे गेले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं पोरगंच म्हनलं की बाई, आईला आता झेपत न्हाई, येऊ नका. बाकीच्यांनाबी सांगा म्हनलं."

मी आत झोपले होते तेव्हा. मला उठवून विचारावंसंही तुला वाटलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. माझ्या वर्गाला सुट्टी कधी द्यायची, हे हेडमास्तरसुद्धा मला विचारून ठरवत.

"आई, आता स्वतःसाठी जग," असं तू चार दिवसांत तीनदा म्हणालास. पुण्याला तुझ्या गॅलरीत माझ्यासाठी खुर्चीही आणून ठेवली आहेस. स्वतःसाठी जगून पाहिलंय मी. तुझे बाबा गेल्यावर वर्षभर दुसरं काय केलं? सकाळी चहा करायचे आणि तो प्यायचं कारण सापडत नसे. मग एक दिवस सुंदरम्मा कसलीशी नोटीस वाचून घ्यायला आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "मला शिकवता का, बाई? दर बारीला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागतंय." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

जगण्याचा अर्थ सांगणारी पुस्तकं तू वाचतोस, मी वाचलेली नाहीत. मला एवढंच कळतं, की आपल्याजवळचं काहीतरी कुणाला तरी हवं असावं आणि ते मागायला त्यानं आपल्या दारी यावं. ते दार तू लावलंस.

आता पुढचं ऐक. तू सुंदरम्माला दारातून परत पाठवलंस, त्या दिवशी ती वर्गाला आलीच नव्हती. तिच्या दिराने, सिद्धप्पाने, घराच्या वाटणीचा म्हणून एक कागद आणला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यावर सही करायची होती. तो माझ्यासोबत बसून वाचावा म्हणून ती पिशवीत घालून आली होती. काय काम आहे, एवढंही तू विचारलं नाहीस. "बरं" म्हणून ती निघून गेली.

कचेरीत तिने सांगितलं, वाचल्याशिवाय सही करणार नाही. सिद्धप्पा हसला. ती बाकावर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत पाऊण तास वाचत राहिली. 'हक्कसोड' हा शब्द तिने तीनदा वाचला. मग कागदाची घडी करून दिराच्या हातात दिली. "ह्येच्यात माजं घर जातंय. मी न्हाई करत सही."

घर राहिलं. पण तो पाऊण तास ती एकटी होती, ओजस. आणि मी इथे खुर्चीत बसून, आज अजून कुणी कसं आलं नाही म्हणत होते.

हे पत्र मी सांगते आहे आणि तीच लिहिते आहे. वरचा मजकूर लिहायला तयार नव्हती. "माजंच कौतुक मी कसं लिवू?" मी म्हटलं, बाई सांगतात ते लिहायचं.

ती का लिहिते आहे, हे सांगायचं मी मघापासून टाळते आहे. दिवाळीपासून डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजव्याने माणसं दिसतात, अक्षरं नाहीत. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुला संशय आला होता, तेवढं तुझं बरोबर. अडीच महिने मी त्यांच्या वह्या हातात घेऊन नुसतं "छान" म्हणत होते. वाटलं, कुणाला कळत नाही. परवा सुंदरम्मा म्हणाली, "आमाला म्हाईत होतं. आमी एकमेकींच्या वह्या तपासून मगच तुमाला देत होतो." तेव्हा मला तुझ्याहून माझाच जास्त राग आला. त्यांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून शिकवलं, आणि मी न वाचताच शेरे देत बसले.

सोमवारपासून वर्ग पुन्हा भरतो आहे. त्या मोठ्याने वाचतात, मी ऐकते. चूक कानालाही सापडते. डोळ्यांचं पुढे काय करायचं, सोबतीला कुणाला ठेवायचं, ते आपण दोघं बसून ठरवू. माझ्यासमोर बसून. पुण्याला मात्र मी येणार नाही.

या महिन्यात ये. आधी सुंदरम्माकडे जा. तिला काय म्हणायचं, ते मी शिकवणार नाही. ती काय उत्तर देईल ते मलाही माहीत नाही. तिचं ऐकून घे आणि मग माझ्या दाराशी ये.

अजून कामावर असलेली,
तुझी आई,
गोदावरी