गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात

आबा, तुमाला वाचता येत नव्हतं, म्हणून बिनधास्त लिहिते. मेल्यावर शिकला असाल तर चुका काढू नका, माझी शाळा पिशोरात सातवीलाच संपली. तुमी गेल्यावर तुमचा जावईबी गेला, आन त्याच्या जागी मला शाळेत शिपाई म्हणून घेतलं. चिकलठाण्याकडच्या सरकारी शाळेत घंटा वाजवली, वर्ग झाडले, रिटायर झाले. तवा कुठं सरकारला शोध लागला, का या बाईला पगार जास्त गेलाय!

ऑफिसात पगाराचा बाबू बसतो. वर टक्कल, आत तसंच, काई उगवत नाय. "मावशी," म्हणतो, "लई वर्सांमागं तुमाला एक पगारवाढ चुकून लागली. ते सगळे पैसे आता तुमच्या ग्रॅच्युइटीतून कापायचे. हरकत नाय म्हणून इथं सही करा."

"लावली कुणी?"

"ऑफिसनं."

"मी मागितली व्हती?"

"मागायचं काय त्याच्यात? चूक झाली."

"मग जो चुकला त्याचा पगार कापा की, साहेब."

शेजारच्या टेबलावरची बाई फिसकन हसली. बाबू नाय हसला. त्याला काय, त्याच्या घरावर स्लॅब हाय. मी पत्र्याखाली उन्हाळे काढले, आन ग्रॅच्युइटीच्या पैशावरच स्लॅब टाकायचं मनात धरलं व्हतं.

आन तिथं उभ्या उभ्या मला पिशोरचा बाजार आठवला. तुमी मिरच्या इकताय, मी पाटीपाशी बसलेली. अर्ध्या किलोच्या जागी तुमी किलोचं वजन टाकलं. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, तशी मी पळत गेले आन त्या म्हातारीच्या पिशवीतून वरच्या मिरच्या काढून आणल्या. वाटलं, तुमी शाबासकी देताल. तुमी लालेलाल. "चुकला माझा हात, आन हात घालती तिच्या पिशवीत? जा, देऊन ये!" भर बाजारात रडत गेले. अडाणी व्हता तुमी, तरी एवढं कळत व्हतं. इथं एकेकाच्या दारावर डिग्र्यांची पाटी, आन हात गिऱ्हाइकाच्या पिशवीत.

मी म्हणलं, "करते सही. आधी चूक कुणी केली ते नावानिशी लिहा, आन त्यानं खाली सही करावी." बाबूनं मोठ्या साहेबाकडं बघितलं. मोठा साहेब म्हणला, "ते माझ्या आधीच्यांचं." आधीचा म्हणं बदलून गेला. समद्यांच्या खिशाला पेन, पण एकाचंबी टोपण निघंना. शेवटी बाबू म्हणला, "मग पेन्शनबी अडकंल, मावशी."

आजून अडकलीच हाय. गल्लीत मी लई रंगवून सांगते, कशी ऑफिसाची जिरवली. बाया हसून लोळतात.

तुमाला हे धाडायचं कुठं, घडी घालून पिठाच्या डब्याखाली सारीन. पण आबा, गल्लीत एक सांगत नाय. पेन्शन अडकंल म्हणला ना, तवा मी त्याच्या हातातून पेन घेतलं व्हतं. टोपणबी काढलं व्हतं. हात इतका कापाया लागला, का पेन खाली ठेवावं लागलं. बाबूला वाटलं, बाई खमकी हाय.