रात्रपाळीवाल्याला शर्ट नाही

प्रिय दादा,

आज सकाळी आपण हरलो. तीन-एक. स्पर्धेतून बाहेर. आणि मैदानावरून निघेपर्यंत तिघांनी मला ऐकवलं की मी तुझा अपमान केला. म्हटलं, तुलाच विचारावं. तू मध्ये बोलणार नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच!

मी तुझा नियम मोडला.

रात्रपाळी करून थेट मैदानावर येईल त्याला पहिला हाफ. नंतर त्यानं घरी जाऊन झोपावं. चाकणमधल्या कुठल्याही फुटबॉल टीमला विचार, तुझा हा नियम त्यांना ठाऊक असतो. रात्रभर मशिनपुढे उभा राहिलेला माणूस सकाळी बूट घेऊन येतो, त्याला बाहेर बसवायचं? तू म्हणायचास, "मंजे, तो झोप सोडून आलाय. त्याच्या पायातला चेंडू मी कसा काढून घेऊ?"

सुंदर वाक्य आहे. सुंदर वाक्यांना मी फसत नाही. मी ती वर्गात रोज शिकवते.

दर शनिवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "उद्या लेफ्ट बॅक कोण?" मी इकडे पिंपळे सौदागरला भाजी निवडत असायचे. मी म्हणायचे, जो डाव्या पायाचा आहे तो. तू म्हणायचास, जो ड्युटीवर नाही तो. झालं भांडण सुरू! संघ खेळावरून निवडायचा की पाळीवरून, हा आपला एकच वाद, आणि तो कधी मिटला नाही.

एका गोष्टीत मात्र तू बरोबर होतास. तू कुणालाच एक जागा दिली नाहीस. पोरगा कंत्राटावर यायचा, तू त्याला पहिला स्पर्श शिकवायचास, मान वर करून पास द्यायला शिकवायचास. तो जरा खेळायला लागला की कंपनी कंत्राट तोडून त्याला ब्रेक द्यायची आणि तो गावी जायचा. पुन्हा नवा पोरगा, पुन्हा पहिला स्पर्श. म्हणून तू प्रत्येकाला सगळ्या जागा शिकवल्यास. कोण कधी नसेल सांगता येत नाही, म्हणायचास. मला तेव्हा तो गोंधळ वाटायचा. आज त्याच्याच जिवावर आम्ही उभे राहिलो.

पण तो रात्रपाळीचा नियम? दादा, तो नियम दयेचा होता. दयेनं संघ निवडू नये. आणि ही दया तरी कसली?

त्या थंडीत तू स्वतः रात्रपाळी करून आलास. एक जण कमी होता. तू शर्ट घातलास. पहिला हाफ खेळलास, हाफटाइमला पाण्याची बाटली घेऊन खाली बसलास, आणि उठला नाहीस.

डॉक्टर म्हणाले, "ताई, कारण एकच नसतं." रक्तदाब होता, सिगारेट होती. मान्य. पण झोपही नव्हती ना?

तुझ्या दहाव्याला सगळे म्हणत होते, मैदानावर गेला, भाग्यवान! तुझी धाकटी लेक कोपऱ्यात बसून ते ऐकत होती. तिची दहावीची परीक्षा तोंडावर होती. कसलं भाग्य रे? मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं.

नंतर संघाच्या मंडळानं निवड माझ्याकडे दिली. तुझ्याशी भांडणारी मी एकटीच होते, त्यामुळे तुझं डोकं मला माहीत, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे त्यांना तुझी जागा राखायला कुणीतरी हवं होतं. मी जागा राखायला आले नव्हते.

आज सकाळी संतोष आला. तुझा लातूरचा संतोष, तुझा जिगरी, तुझा गोलकीपर. कंपनीच्या बसमधून उतरला तो थेट, अंगावर गणवेश, हातात बुटांची पिशवी.

"ताई, शर्ट द्या."

"रात्रपाळी होती ना? शर्ट नाही."

"मजाक करालात का? मी एकदम ताजा हाव."

"घरी जा, संतोष. झोप."

"दादा असते तर असं नसतं केलं."

"दादा नाहीये. म्हणूनच."

त्याच्यामागे आणखी दोघं रात्रपाळीचे उभे होते. त्यांनाही नाही म्हटलं. मग बबनकाका पुढे आले. मैदानाची जमीन त्यांची, त्यामुळे मतही त्यांचंच.

"मॅडम, तुमी पोरास्नी कविता शिकवा. हितलं आमी बघतो. धाच गडी घेऊन खेळत्यात व्हय?"

"खेळतात, काका."

गणेश, आपला सेंटर फॉरवर्ड, हळूच म्हणाला, "मॅडम, मग गोलात कोण? काकांना उभं करू का? निम्मा गोल तर असाच झाकला जाईल."

"तू उभा राहशील."

आणि राहिला! तू त्यालाही कधीतरी गोलात शिकवलं होतंस. मी बाकीच्यांना आत ओढलं, कडा सोडून दिल्या. समोरच्या भोसरीवाल्यांना म्हटलं, मारा कडेवरून क्रॉस, हवे तितके मारा. पहिल्या हाफला एकही गोल झाला नाही. दुसऱ्यात पाय थकले. दहा जणांचे थकतातच. एक आपण मारला, तीन खाल्ले. दुसरा गोल झाला तेव्हा मी पोरांच्या जागा बदलायला उशीर केला, हे तू म्हणशील. म्हण.

संतोष घरी गेला नव्हता. रागानं मैदानाकडेला उभ्या टेम्पोच्या हौद्यात जाऊन बसला होता. सामना संपल्यावर मी बघते तर हा आडवा, तोंड उघडं, पिशवी डोक्याखाली. एवढा आरडाओरडा झाला, ट्रक हॉर्न वाजवत गेले, याला पत्ता नाही. एकदम ताजा माणूस! हलवलं तेव्हा डोळे चोळत उठला.

"काय झालं?"

"हरलो. तीन-एक."

"मी असतो तर दोन अडवले असते."

"अडवले असतेस."

मी खोटं कशाला बोलू? अडवलेच असते त्यानं. त्याला वाटलं मी माफी मागेन. मी नाही मागितली. तो पिशवी उचलून गेला. पण गेला तो घरी, आपल्या पायांनी चालत. मी वळणापर्यंत बघत उभी होते.

बुधवारी मंडळाची बैठक आहे. मला काढतील बहुतेक. बबनकाकांनी तुझ्या नावाचा करंडक ठेवायचं ठरवलंय, आणि तुझा नियम त्याच्यावर कोरायचा म्हणतात. कोरू देत. मी निवडीत नसले तर कडेला उभी राहीन आणि पोरं बसमधून उतरली की एकेकाला विचारीन, झोपलास का? मला ओरडता येतं, तुला माहीत आहे.

आणि हे तुला वचन समज किंवा धमकी. माझ्यासमोर रात्रपाळीवाला कुणी शर्ट घालणार नाही. उद्या तू जरी त्या बसमधून उतरलास, बूट हातात घेऊन, हसत, तरी तुला बाहेर बसवीन. दहा जणांत खेळेन. हरेन. आणि तू झोपून उठेपर्यंत तुझ्यावर सावली धरून बसेन.

तुझीच,
मंजू