रक्त माझं, लायसन्स सरकारचं

१२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

बारमधल्या मांसाच्या सोडतीत डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम लागला आणि घरी येताना पोलीस मागे लागले.

तसं काहीच झालं नव्हतं. दोन ब्रँडी, त्याही सोडत संपेपर्यंत पुरवून प्यायलेल्या. वळणावर हॅम सीटवरून घसरला. त्याला पकडायला वाकलो, ट्रक जरा पिवळ्या रेघेपलीकडे गेला. एवढा मोठा हॅम कोणीही पकडला असता.

डेप्युटी केंड्रा होती. हिच्या बापाच्या अंगणातला बर्फ मी दर हिवाळ्यात काढतो. तरी सरळ रेषेत चालायला लावलं. चाललो. शेवटी झोकात वळलोसुद्धा. मग म्हणाली, मिस्टर क्राउझे, दारूचा वास येतोय, हॉस्पिटलात चला, रक्त द्या, तासाभरात मोकळे व्हाल. नाही म्हणालो. तिने काहीतरी लांबलचक वाचून दाखवलं. रक्त नाकारलंत तर वर्षभर लायसन्स जाईल, दाद मागायची असेल तर दहा दिवसांत कोर्टाला लेखी कळवा, असं काहीसं. माझं लक्ष हॅमकडे होतं. थंडीत तो काही खराब होत नाही, पण कुत्री असतात.

रक्त न देण्यामागे तत्त्व आहे. सुईचा काही संबंध नाही.

मार्सेला न्यायला आली. किती प्यायलास? दोन. मग देऊन टाकायचं ना रक्त! तेहतीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी बायकोला समजावता येत नाहीत.

१३ नोव्हेंबर, रविवार.

चर्च. मग बार. तिथला दोस्त एल्डन, त्याने पाठ थोपटली. म्हणाला, शाब्बास नॉर्ब! रक्त नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर केस नाही, निवांत राहा. एल्डनचा कायद्याचा अनुभव दांडगा आहे. स्वतः तीनदा कोर्टात जाऊन आलाय. हल्ली बारमध्ये सायकलवर येतो. तब्येतीसाठी असावं.

शांतपणे विचार केला. एका फावड्यावर धंदा सुरू केला. आज चर्च, क्लिनिक, बँक, सगळ्यांच्या पार्किंगमधला बर्फ मी काढतो. पुढे पातं लावलेला ट्रक एक, ड्रायव्हर एक, तो मीच. लायसन्स गेलं तर पहिल्या बर्फालाच धंदा बसेल. तेव्हा ते जाणं शक्यच नाही.

१६ नोव्हेंबर.

मार्सेला विचारते, कोर्टाला पत्र लिहिलंस का? तीन ओळींचं तर काम आहे म्हणे. तीन ओळींत मुद्दे मांडायला मी काय किराण्याची यादी लिहितोय? ‘माननीय महोदय’ एवढं झालंय. सुरुवात दमदार आहे. राज्यघटना आधी आणावी की नंतर, यावर अडलोय.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्यापासून हरणांच्या शिकारीचा सीझन. बंदूक, शिकाऱ्यांचा केशरी कोट, चीज, ब्रँडी, सगळं भरलं. मार्सेला दारात उभी. मंगळवारी मुदत संपतेय, जाता जाता कोर्टात चिठ्ठी टाक म्हणाली. तिला नीट समजावलं की हरणांच्या सीझनमध्ये आपल्या विस्कॉन्सिनात काही घडत नसतं. शाळा अर्ध्या ओस, गॅरेजला कुलूप, डेंटिस्ट झाडावर मचाणात. मुदत एकटी काय करणार? म्हणाली, मुदत शिकारीला जात नाही, नॉर्ब. तिला असं बोलायला आवडतं.

वाटेत पेट्रोल पंपावर कोण दिसावं? आमच्या कौंटीचे जजसाहेब. केशरी टोपी, काखेत सॉसेजची पिशवी. मी टोपी उचलली, त्यांनीही उचलली. जजच जंगलात! मिटला प्रश्न.

२२ नोव्हेंबर, मंगळवार. कॅम्प.

आठ टोकांच्या शिंगांचा नर! एकट्याने ओढत आणला, स्वतः फाडला. कोपरापर्यंत रक्त. रक्ताला मी घाबरत नाही, याची इथे नोंद करून ठेवतो.

टेकडीवर चढलं की फोनला रेंज येते. मार्सेला नक्की फोन करत असणार. चढलो नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार.

कोर्टात गेलो. पत्र सोबत नेलं. राज्यघटना शेवटी आधीच आणली. खिडकीत मिसेस पेल्टझर, कोर्टाच्या क्लार्क. आपुलकीने विचारलं, काय मग, कसा गेला सीझन? म्हणाल्या, मी शिकार करत नाही. आठवडाभर इथेच होते. फोन नाहीत, माणसं नाहीत, किती कामं उरकली म्हणून सांगू! मंगळवारी ऑफिस बंद होईपर्यंत तुमची वाटही पाहिली. मग तुमचं प्रकरण पुढे पाठवलं. बारा डिसेंबरपासून लायसन्स रद्द.

म्हटलं, अहो, पण जजसाहेब जंगलात होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणाल्या, ते होते. मी नव्हते.

हरणाचं सॉसेज पुढे केलं. बाईंनी पेनच्या टोकाने मागे सरकवलं.

५ डिसेंबर.

अजून ट्रक चालवतोय. एल्डन म्हणतो, बघ, काही झालं का? काही होत नसतं. हॉर्नही जरा जास्तच वाजवतोय.

९ डिसेंबर, शुक्रवार.

जिंकलो! दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप सरकारी वकिलाने मागे घेतला. त्या दिवशीचा व्हिडिओ पाहिला म्हणे. इतकं सरळ तर शुद्धीतली माणसंही चालत नाहीत.

तडक डेप्युटी केंड्राला गाठलं. म्हटलं, माझं लायसन्स सुटलं ना आता? म्हणाली, मिस्टर क्राउझे, तुम्ही फारसे प्यायलेले नव्हता, हे मलाही वाटत होतं. म्हणून तर रक्त द्या म्हणून मागे लागले होते. लायसन्स पिण्यापायी जात नाहीये, नाही म्हणण्यापायी जातंय.

बाही वर केली. डोळे मिटले. म्हटलं, घे, आत्ता घे. म्हणाली, आता त्यात काय सापडणार? सकाळची कॉफी?

१२ डिसेंबर, सोमवार.

लायसन्स गेलं. हरकत नाही. मोठे उद्योजक स्वतः गाडी चालवत नाहीत. ड्रायव्हर ठेवायचा ठरवलं. बुधवारी बर्फाचा अंदाज, म्हणून लगेच एल्डनला विचारलं. तो ग्लास खाली ठेवून म्हणाला, मी? अरे, मला कुठाय लायसन्स? मी पण रक्त दिलं नव्हतं ना!

१४ डिसेंबर, बुधवार.

गुडघाभर बर्फ. पहाटे मार्सेला ट्रकची किल्ली घेऊन निघाली. मी देखरेखीला सोबत.

सूचना बऱ्याच दिल्या. तिने रेडिओ मोठा केला.

चर्चचं पार्किंग तिने मी काढतो त्याच्या उलट बाजूने काढलं. चुकीची पद्धत. पंचवीस मिनिटांत झालं. मला पाऊण तास लागतो, पण माझ्या कामात विचार असतो. ट्रकचं पातं जिथे पोचत नाही तिथे कोणीतरी फावडं मारावं लागतं. मारलं.

फादर बाहेर आले. म्हणाले, नॉर्ब, यंदा काम काय सुरेख झालंय! अपंगांच्या जागेच्या निळ्या रेघा दिसतायत. तिथे रेघा आहेत हेच मी विसरलो होतो. म्हटलं, यंदा पद्धत जरा सुधारली.

क्लिनिकवरून फोन आला. माझ्याच नंबरवर. म्हणाले, मार्सेला आहे का? तिला फोन दिला.

बोलणं झाल्यावर तिने हॉर्न वाजवला. फावडं मागे टाकलं आणि शेजारच्या सीटवर चढून बसलो. पट्टा लाव म्हणाली.

लावला.