आईंचा तिसरा मजला

प्रिय खलाशीबुवा,

मी खलाशी नाही, इंजिनीअर आहे, असं तू पहिल्याच ओळीला म्हणणार, मला ठाऊक आहे. म्हण. जहाजावर राहतो तो खलाशी, असं आमचं किनाऱ्यावरच्यांचं साधं गणित आहे. पुढच्या बंदरात तुमच्या जहाजावर चढणारा नवा स्वयंपाकी आपल्या मागच्याच गल्लीत राहतो असं कळलं, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देते आहे. फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर तू अर्धं वाक्य ऐकतोस, उरलेलं अर्धं लाईन खाते आणि तू नेमका पहिल्या अर्ध्यावर चिडतोस. तेव्हा ती यंत्रं घटकाभर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मार, तुझ्या त्या अरुंद पलंगावर नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. आई ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. जहाजावरचा करार आणखी वाढवण्याबद्दल तू विचारलं होतंस, तिकडेही येते. पण आधी आईंचं.

आमचे दातांचे डॉक्टर निवृत्त झाले, दवाखान्याला टाळं लागलं, टेबलामागची माझी खुर्ची गेली आणि मी हेल्थ कोचच्या कोर्सला नाव घातलं. लोकांना 'पाणी प्या, चालायला जा' एवढं सांगायला शिकावं कशाला लागतं, म्हणून तू पोट धरून हसला होतास. गंमत अशी, की आम्हाला नेमकं तेवढंच सांगायला बंदी आहे. काय करायचं ते डॉक्टर सांगतात. ते आपल्या रोजच्या धबडग्यात कसं बसवायचं, हे माणसाने स्वतः शोधायचं असतं आणि तो शोधेपर्यंत आपण त्याच्या सोबत राहायचं, एवढंच आमचं काम. औषधाला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. आमच्या बाई त्यासाठी वाहतूक पोलिसासारखा हात वर करतात आणि म्हणतात, थांबा. आम्ही पाठीमागे त्यांना थांबाबाईच म्हणतो.

आता तू तुझ्या बायकोला ओळखतोस. समोरच्याचं दुखणं सांगून व्हायच्या आत माझे उपाय सांगून झालेले असतात. पहिल्याच सरावात माझ्या जोडीदारणीने झोप होत नाही म्हटलं आणि मी गरम दूध, पायाला तेल, फोन दुसऱ्या खोलीत असं सगळं धडाधड ऐकवलं. थांबाबाईंनी तिला विचारलं, यातलं काय करून पाहिलंय? ती म्हणाली, सगळं. झोप येते हो, पण घरातलं तान्हं बाळ उठवतं. वर्ग असा हसला की मी वहीत तोंड खुपसलं. मग मी गप्प बसण्याचा सराव दिसेल त्याच्यावर सुरू केला. भाजीवाल्याला भाव विचारून नुसती उभी राहिले, तर त्याने आपणहून उतरवला. तुझ्यावरही केला. तू बॉयलरबद्दल काहीतरी सांगत होतास, मी मनापासून ऐकत होते आणि तू 'हॅलो, हॅलो, गेली वाटतं लाईन' म्हणून फोन ठेवून दिलास.

आईंवर प्रयोग झाला तो गृहपाठ म्हणून. परीक्षेला घरचं माणूस चालत नाही, पण सरावाला चालतं. तू जायच्या आधी आपण दोघांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. आई त्यांच्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आपण त्यांना इथे आणलं, आणि त्यांचं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर तू परत आलास की सोडून द्यायचं. आईंनी तेव्हा 'बरं' म्हटलं होतं. त्या 'बरं'मागे काय होतं, हे ना तू विचारलंस ना मी. मी तर त्यांना इतकं जपत होते की त्यांच्या हातातला रिकामा कपसुद्धा मीच काढून घ्यायचे. फळ चिरून द्यायचे, चप्पल पायाशी आणून ठेवायचे. त्या उठायला लागल्या की माझं ठरलेलं, तुम्ही बसा, मी करते ना.

तर एका दुपारी मी टेबलाशी त्यांच्यासमोर बसले आणि पुस्तकातला प्रश्न विचारला, तब्येतीच्या बाबतीत तुम्हाला स्वतःला काय हवंय? मला वाटलं, गुडघे म्हणतील, नाहीतर साखर म्हणतील. फ्रिजचा आवाज ऐकत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला माझ्या घरी राहायला जायचंय." माझ्या ओठांवर तिसरा मजला आला, तुझं नाव आलं, न्हाणीघर आलं, आणि मी ते सगळं कसंबसं गिळलं. तिथे असं काय आहे, एवढंच विचारलं. तर म्हणाल्या, "इथे मला कुणी काही करू देत नाही. आणि तिथे कचऱ्याच्या डब्यावरून भांडायला समोरची आहे. इथे कुणाशी भांडू? तू तर भांडतही नाहीस." हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपण त्यांना सुखात ठेवतोय, या समजुतीत मी किती खुशीत होते!

मग आम्ही कामाला लागलो. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, ताकद आली तर जिने चढायला माझी काही हरकत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी जिना शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. बाकी सगळं आईंनी ठरवायचं होतं. सुरुवात त्यांनी जिन्यापासून केलीच नाही. म्हणाल्या, उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं, ओटाभर झालं, आणि मी खुर्चीला चिकटून बसले. त्यांनी ते हळूहळू पुसलं आणि मला कप आणून दिला. आयता चहा मला या घरात पहिल्यांदाच मिळाला, तुझ्यावर टोमणा समज हवं तर. पुढे भाजी आली, अंथरूण आलं आणि मग आपल्या इमारतीचा जिना आला. वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी वळणावर एक स्टूल ठेवलं. आई त्यावर बसत नाहीत म्हणून ते अजून रुसलेले आहेत.

एकदा त्या वळणावरच आईंचा पाय घसरला. मी मागेच होते, दंडाला धरलं, तळहात थोडा खरचटला, बाकी काही नाही. पण त्या दिवसापासून त्या जिन्याचं नावच काढेनात. खुर्चीत बसून म्हणाल्या, जाऊ दे गं, इथे तरी काय वाईट आहे? आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी त्यांच्या पाठीला उशी दिली, पायावर शाल घातली. संध्याकाळी दाराला किल्ली लावताना आत कुणीतरी असतं, जेवताना समोर कुणीतरी बसतं, दिवसभरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगायला कुणीतरी असतं, याची मला सवय झाली होती. तू वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. आईंनी राहावं असं मलाच वाटत होतं रे. वर्गात मी ऐटीत सांगितलं, माझ्या सरावाच्या व्यक्तीने ध्येय बदललं. थांबाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, त्यांनी बदललं, की तुम्हाला सोयीचं होतं म्हणून तुम्ही पुढे विचारलं नाही? घरी येताना रस्ताभर माझे कान तापलेले होते.

त्या संध्याकाळी मी आईंना विचारलं, दहापैकी भीती किती आणि इच्छा किती? त्या ताडकन म्हणाल्या, भीती आठ, इच्छा दहा. मग मी विचारलं, ती भीती थोडी कमी कशाने होईल? यावर त्यांनी खूप विचार केला. मला वाटलं, दुसरी काठी मागतील. म्हणाल्या, "रागावू नकोस. तू माझ्या मागून चढू नकोस. तू श्वास रोखून धरतेस, तो मला ऐकू येतो. मग मला वाटतं, आता आपण पडणारच." एवढा कोर्स करून, एवढी पुस्तकं वाचून, त्यांच्या जिन्यातली मुख्य अडचण मीच होते. मॅडमनी त्यांना पुन्हा तपासलं, कठडा आणि काठी धरून एकट्याने चढू द्या म्हणाल्या. घड्याळवाले काका वर उभे राहिले आणि मी खाली दारात, जिन्याकडे पाठ करून. काठीचा आवाज वर वर जात राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी वळले नाही. थोड्या वेळाने वरून काकांचा आवाज आला, अहो, आता तरी बसा स्टुलावर! आईंनी त्यांना दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. मी या कोर्समधून काय शिकले, असं परवा तोंडी परीक्षेत विचारलं. मी पुस्तकी काहीतरी सांगून पास झाले, पण खरं उत्तर तुला सांगते. मी आयुष्यभर माणसांची कामं करून त्यांच्यावर प्रेम केलं. मला दुसरी रीत येतच नव्हती. कुणी माझ्यावाचून उभं राहिलं की आपण नकोसे झालो असं मला वाटायचं. आताही वाटतं, पण मी तेवढं घेऊन दारात उभी राहू शकते. माझ्याकडे आता तीन माणसं येतात. एक शाळेतल्या बाई आहेत, एक रात्रपाळीचे पहारेकरी आणि एक आपल्याच बेकरीवाल्याची बहीण. त्यांच्याशी बोलताना मी कमी बोलते आणि घरी येते तेव्हा दमलेली नसते. तू मला ओळखणार नाहीस कदाचित. ओळखशील, भाजीत मीठ अजूनही जास्तच पडतं.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला ते लिहिते. गेल्या रविवारी आई त्यांच्या घरी राहायला गेल्या. तुला सांगू का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सांग, पण त्याला ओरडायला वाव देऊ नकोस. न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत, खाली घसरणार नाही अशी फरशी टाकली, जास्तीची किल्ली समोरच्या शेजारणीकडे आहे आणि त्यांचं भांडण पहिल्या सकाळीच सुरू झालं. तिसरा मजला त्या स्वतः चढल्या, त्यांची पिशवी मी उचलली, तीही त्यांनी सांगितलं म्हणून. दारात मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मी तुझ्या सोबतीला आहे म्हणून तो बिनघोर करार वाढवत बसलाय, आणि तू गप्प. तुला चालतं का ते?" मी सवयीने हो म्हणणार होते. त्याऐवजी तिथेच उंबऱ्यात रडले आणि त्यांनी मला थोपटत उभं ठेवलं. घरी आले, दिवा लावला, एका ताटात वाढून घेतलं आणि तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं. त्यांचं ते घर सोडू नकोस, एवढं त्यांच्यासाठी मागते. आणि माझ्यासाठी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मागते: करार वाढवू नकोस. किनाऱ्यावरची नोकरी बघ, कमी पगाराची असली तरी बघ. मला सोबत म्हणून कुणीतरी नकोय, मला तू हवा आहेस. आईंना जाऊ दिलं म्हणून माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चिड, पण घरी येऊन चिड.

तुझीच,
किनाऱ्यावरची