इंगवले सरांच्या हाताचा साचा

आबांस,

तुमच्या सारिकाचा दंडवत. तुम्हाला जाऊन सात महिने झाले आणि एवढ्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला सुचलं नाही. तुम्ही असताना तरी आपण कधी एकमेकांना लिहिलं होतं? पण काल रविवारी मी सांगलीला जाऊन जे करून आले, ते दोन दिवसांत रहिमतपूरच्या बाजारापर्यंत पोचणार. दुसऱ्या कुणी तुमच्या फोटोसमोर उभं राहून तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

मी इंगवले सरांना सोडलं नाही, आबा.

आई कालपासून माझ्याशी धड बोलत नाही. "तेंनी मरंस्तोवर त्या मानसाचं नाव काढलं न्हाई, आन तू चारचौघात काढलंस व्हय गं?" एवढं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. भाकऱ्या मात्र जोरात थापत होती.

तुम्हाला आठवतंय, पिस्तुलाची मूठ घडवायचं वेड तुम्हाला माझ्यामुळे लागलं? तुम्ही फौजेतले आर्मरर. बावीस वर्षं रायफली दुरुस्त केल्या, त्यांचे फुटलेले लाकडी दस्ते घडवले. पेन्शनवर आलात तेव्हा गावाला वाटलं, आता हा माणूस लोकांच्या खाटा ठोकणार. मी तेव्हा सांगलीला मावशीकडे राहून इंगवले सरांच्या हाताखाली पिस्तूल शूटिंग शिकत होते. कंपनीची मूठ मला एवढी मोठी व्हायची की माझा हात त्यात पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. सुट्टीत घरी आले, तुम्ही पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणालात, "ह्ये तुज्या मापाचं न्हाईच की गं!"

जुन्या पलंगाचा शिसवी पाय कापून तुम्ही माझी पहिली मूठ कोरलीत. पंधरा दिवस लागले. माझ्या तळहाताला काजळ फासायचं, मूठ धरायला लावायची, लाकडावर जिथं काळं उमटेल तिथं कानस फिरवायची. पुन्हा काजळ, पुन्हा कानस. आई म्हणायची, पोरीला कोळसेवाली केली. मग तुमची परीक्षा. "सारे, डोळे मीट. हात उचल. आता उघड. नेमाचं म्होरचं टोक मागच्या खाचंत आलंय का?" मी नाही म्हटलं की तुम्ही मूठ काढून घ्यायचात. "मग चूक तुजी न्हाई, लाकडाची हाय."

असं मला दुसऱ्या कुणी कधी म्हटलं नाही, आबा.

आणि नियम! तळहात खाली ज्यावर टेकतो तो लाकडाचा कट्टा सपाटच हवा, त्याची कड वर वळवून हाताला आधार द्यायचा नाही, मनगट मोकळं राहिलं पाहिजे. इंग्रजी नियमांचं ते पान मीच तुम्हाला मराठीत लिहून दिलं होतं. तुम्ही ते शेडच्या पत्र्याला चिकटवलंत आणि येईल त्याला वाचून दाखवायचात. कराडहून, सांगलीहून पोरं मुठी करायला यायला लागली होती. इंगवले सरच पाठवायचे. तेव्हा ते मला देवासारखे वाटायचे.

मग ती विभागाची मॅच. सांगलीचीच रेंज. सकाळी तपासणी झाली, पिस्तुलाला स्टिकर लागलं. तुम्ही बाहेर चहा घ्यायला गेला होता. सरांनी मला त्यांच्या गाडीमागे बोलावलं. खिशातून पुट्टीच्या दोन कांड्या काढल्या, ती दोन रंगांची असते ना, मळून एक केली की वीस मिनिटांत दगड होते, ती. कट्ट्याच्या कडेला तिचा भर दिला, कड वर उचलली, वरून तपकिरी पॉलिश मारलं. "हात आता तसूभर हलणार नाही बघ. सगळे करतात."

मी म्हटलं, "आबांना विचारू का?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

मी गप्प बसले. एकोणीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. वर वळलेली कड चालत नाही हे माझ्याच अक्षरात आपल्या शेडला चिकटवलेलं होतं.

त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला स्कोअर मारला. आणि मॅचनंतर अचानक तपासणीला जी नावं काढतात, त्यात माझं निघालं. टेबलावर तपासणीच्या साहेबांनी कट्ट्याला पट्टी लावली, पुन्हा लावली, मान हलवली. बाद! भोवती ही गर्दी. साहेबांनी विचारलं, "ही मूठ कुणी बनवली?"

 सरांनी फक्त तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही टोपी काढलीत. एकदाच मुठीकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे. "म्या केलीया सायेब. गावाकडचा मानूस, नियम म्हाईत न्हवता. पोरीची काय चूक न्हाई."

नियम माहीत नव्हता! तुम्हाला!

आणि सर काय म्हणाले? सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "किती वेळा सांगितलं, असल्या गावठी कामावर विसंबू नका म्हणून." चोर तो चोर, वर शिरजोर. मी शेजारी उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

घरी आल्यावर तुम्ही पटाशीनं तो भर खरवडून काढलात. नाकाजवळ नेलात. "वास येतोय अजून. आज सकाळचीच हाय." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तुम्ही पुढं काही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांतही नाही. आधी वाटायचं, विचारतील. मग वाटायला लागलं, विचारू नयेत.

महिन्याभरात चौघांनी मुठी परत आणून दिल्या. एक बाप तर मुलाला घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, रिस्क नको. तुम्ही त्या चारही मुठी घेतल्यात आणि दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या बंबात घातल्यात. शिसवाचा जाळ चांगला लागतो, म्हणालात. मी ते पाणी अंगावर घेतलं, आबा. त्याच पाण्यानं अंघोळ करून कॉलेजला गेले.

मी पिस्तूल सोडलं आणि तुमच्या शेजारी शेडमध्ये येऊन बसले. तुमचा हात थरथरायला लागला तसं काम माझ्याकडे आलं. आता नागपूर, नाशिककडून फोन येतात. सांगलीहून मात्र कधी आला नव्हता.

गेल्या महिन्यात आला. खुद्द सरांचा! आता ते वयस्करांच्या गटात स्वतः खेळतात म्हणे. स्कूटरवरून पडून उजव्या हाताचं एक बोट आखडलंय, बाहेरच्या देशातल्या दोन मुठी मागवून पाहिल्या, एकही बसेना. म्हणाले, "बेटा, आबांच्या हाताची सर कुणालाच नव्हती गं. तूच काहीतरी कर."

अकरा वर्षांनी कळलं होय ह्यांना! मी गोड आवाजात म्हटलं, "करते की सर."

खरं सांगते, आधी माझ्या डोक्यात दुसरंच होतं. अंगठ्याखाली केसभर लाकूड जास्त ठेवायचं. मूठ हाताला गोड लागते, पण गोळी कायम डावीकडे जाते, आणि माणूस वर्षभर स्वतःच्या हाताला शिव्या देत बसतो. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी लाकडावर पेन्सिलीनं रेघसुद्धा ओढली होती. मग लक्षात आलं, उद्या हा माणूस ती मूठ चार जणांत नाचवणार आणि म्हणणार, बघा, बापाचं काम गावठी आणि लेकीचंही. माझ्या हातानं मीच त्याचं खोटं खरं करून दिलं असतं. रेघ पुसून टाकली.

फोन करून सांगितलं, "रविवारी मीच रेंजवर येते सर. हाताचा साचा तिथंच घेऊ."

रविवारी सकाळी रेंज भरलेली असते. पोरं, त्यांचे आईबाप, बाकांवर डबे, पाण्याच्या बाटल्या. मी सरांना मधल्या टेबलापाशी बसवलं. हाताला तेल लावलं, कोपराखाली उशी दिली, पिस्तुलाला कच्चं लाकूड बसवून त्यावर पुट्टीचा थर दिला आणि त्यांची मूठ त्यावर घट्ट आवळून घेतली. "वीस मिनिटं सर. बोट हललं की सगळा साचा वाया." सर खूश. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

मग मी वळले आणि बाकांवरच्या लोकांना मोठ्यानं म्हटलं, "ज्यांच्या मुठी माझ्या वडिलांनी केल्या होत्या, त्यांनी जरा ऐका."

सगळं सांगितलं. गाडीमागचं, पुट्टीचं, पॉलिशचं. तुम्ही टोपी काढून काय म्हणालात ते तुमच्या शब्दांत सांगितलं. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "हे बोलायची ही जागा आहे का?"

"जागा तुम्हीच निवडली होती सर. हेच टेबल होतं."

"पुरावा काय?"

"मी," म्हटलं. "मूठ माझ्या हातात होती. मला सगळं माहीत होतं."

मागच्या बाकावरून एक बाई उठल्या, साधीशी साडी, मांडीवर मुलीचं जॅकेट होतं ते तसंच हातात. त्यांनी सरळ विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललीस, बाई?"

ह्या प्रश्नाची तयारी मी अकरा वर्षं करत होते, आणि ऐन वेळी एकही शब्द आठवेना. "भ्याले," म्हटलं. "आणि मला ते पदक हवं होतं."

 बाई तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता सर उठतील, हात झटकतील, माझ्या अंगावर येतील. मी वाट बघत होते. सरांनी मुठीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अजून किती मिनिटं राहिली?"

आबा, तुम्ही ऐकायला हवं होतं! साऱ्या रेंजनं ऐकलं. आरोप नाकारायचाही त्यांना वेळ नव्हता, साचा बिघडला असता ना! पुढच्या बाकावरचा एक बाप कपाळाला हात लावून बाहेर निघून गेला. मला तेवढं पुष्कळ झालं.

पुट्टी वाळेपर्यंत मी शेजारी उभी राहिले. साचा असा सुरेख उतरला की काय सांगू! आखडलेल्या बोटाची सुरकुती न् सुरकुती आली होती. तुम्हीही मान डोलावली असतीत. मी दोन स्क्रू काढले, साचा सरांच्या डाव्या हातात ठेवला आणि म्हटलं, "घ्या. आता ह्यावरून लाकूड कोरणारा शोधा. मी करणार नाही."

आनंद झाला का? झाला! खोटं कशाला बोलू? एसटीत खिडकीशी बसून मी सरांचा तो पांढरा पडलेला चेहरा पुन्हा पुन्हा आठवत आले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "जाऊ दे गं, म्हातारा झालाय." नाही जाऊ देणार. तुम्हीपण म्हातारे झाला होता आबा, तेव्हा कुणाला कीव आली?

आणि आता तुमच्याशीही भांडते. कुणी सांगितलं होतं तुम्हाला पुढं व्हायला? मी तिथंच उभी होते की! एक मिनिट थांबला असता तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. कदाचित नसतंही. ते आता कधीच कळायचं नाही. तुम्ही मला वाचवलंत आणि मी वाचले, आणि तुम्ही कित्येक महिने शेडमध्ये रिकाम्या हातानं बसून राहिलात. मी तुम्हाला रोज चहा आणून द्यायचे आणि रोज कप घेऊन परत जायचे. एवढा कसला हो तुमचा समजूतदारपणा? एकदा तरी थोबाडीत मारायची होती मला.

सरांवरचा राग काल थोडा उतरला. हा दुसरा अजून तसाच आहे.

म्हणून शब्द देते. बाकांसमोर बोललेलं हवेत विरतं, हे मला कळतं. ह्या आठवड्यात मी विभागाच्या कमिटीला लेखी अर्ज देणार, सहीनिशी. आई म्हणते, तुझ्याच मुठी रेंजवर बंद करतील. करू देत. त्या अर्जात मी लिहिणार आहे की मूठ बनवणाऱ्यानं ती नियमातच बनवली होती आणि लबाडी दोघांनी केली. त्या दोघांत पहिलं नाव माझं आहे आबा, दुसरं त्यांचं.

तुमची,
सारिका