खांद्यात जरा सैल

४ फेब्रुवारी, मंगळवार

समन्स आलं. मेहुण्याची केस वीस तारखेला. शेवटी!

बायको लगेच सुरू. आपला वेगळा वकील करू या म्हणाली, कोपऱ्यावरच्या वकीलबाई चांगल्या आहेत म्हणे. मला हसू आलं. सरकारी वकील असतोच. शिवाय बावीस वर्षं कोर्टाच्या गल्लीत मी काळे कोट शिवतोय. आतल्या निम्म्या लोकांची मापं मला तोंडपाठ. न्यायाधीशसाहेबांचा कोट माझा. सरकारी वकिलांचा माझा. (त्यांचा डावा खांदा उतरता आहे. हे त्यांच्या घरीसुद्धा कुणाला माहीत नसेल. माझ्या नजरेतून सुटत नाही.) मी वकील करायचा म्हणजे घरच्या कार्यात पैसे भरून जेवायला बसायचं!

निश्चय : कोर्टात ओळखी मिरवायच्या नाहीत. नुसती मान हलवायची.

५ फेब्रुवारी

ऐनवेळी त त प प होऊ नये म्हणून केस स्वतःसाठी लिहून ठेवतो. नोव्हेंबर महिना. मेहुणा इस्त्रीचे तीन कोट हातावर घेऊन रस्ता ओलांडत होता, पांढऱ्या पट्ट्यांवरून. काळी गाडी आली. गाडीत पोरगा, पोराच्या कानाला फोन. गाडी डाव्या पायावरून गेली. कोट वाचले. पायात रॉड.

शहरात पोराच्या बापाच्या उंच उंच इमारती आहेत. पोराने पोलिसांना सांगितलं, माणसाच्या डोळ्यांपुढे कोट होते, तोच गाडीवर आला. आम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. तारखेला त्याच्या वकिलाचा कुणीतरी ज्युनिअर येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो.

मेहुण्याला आता मशीनचं पायडल मारता येत नाही. स्टुलावर पाय टाकून हाताने काजं करतो. त्याचं मागणं एकच : चूक कुणाची ते कागदावर यावं. मी म्हटलं, आलंच समज.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोठे वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले होते. शहरातले सगळ्यात महागडे वकील, पण माझ्याशी किती साधेपणाने वागतात! मी टाचण्या लावता लावता केस सांगितली. त्यांनी बारीकसारीक विचारलं. साक्षीदार कोण म्हणाले. म्हटलं, समोरचे किल्लीवाले काका, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. आणि गंमत म्हणून सांगितलं, की त्या सुमारास काकांच्या चष्म्याची दांडी तुटली होती, मीच दोरा दिला बांधायला, तर डोळ्यावर कमी आणि खिशात जास्त! साहेब खूप हसले. बसले. चहा अख्खा प्यायले.

जाताना विचारलं, तुमचा वकील कोण? म्हटलं, तुम्ही सगळे आहात की! ते खाली बघून शर्टाची बटणं लावत राहिले. माणसाला भरून येतं अशा वेळी.

११ फेब्रुवारी

वकीलसाहेबांकडून ऑर्डर! त्यांच्या एका अशिलाचा मुलगा. चार मोठ्या माणसांपुढे उभं राहायचंय म्हणे, श्रीमंत दिसता कामा नये. मापाला जुना ब्लेझर पाठवलाय. त्याचं नुसतं अस्तर बघून जीव हरखला.

मी फोनवर सुचवलं : राखाडी कापड घेऊ. खांद्यात अर्धा इंच सैल ठेवू, बाही जरा लांब. थोरल्या भावाचा कोट घालून आल्यासारखा दिसेल, बघणाऱ्याला दया येईल. साहेब म्हणाले, मास्तर, तुम्ही कलावंत आहात.

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हटलं. शिलाई निम्मीच सांगितली. संबंध महत्त्वाचे.

१५ फेब्रुवारी

बायकोने पुन्हा वकीलबाईंचा विषय काढला. मी आवाज चढवला. ती म्हणाली, पाय माझ्या भावाचा गेलाय, तुमचा नाही. हिला बाहेरच्या जगाची काही कल्पना नाही.

मेहुण्याने राखाडी कोटाची काजं केली. रेशमी दोरा, टाका टाक्याला चिकटून. दाजी, कुणाचा आहे, म्हणाला. म्हटलं, असेल कुणी गरीब बिचारा.

१९ फेब्रुवारी

कोट पोचवला. उद्या निळा शर्ट. चेहरा गंभीर. न्यायाधीशसाहेबांकडे फक्त एकदा बघायचं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६

एकदा बघितलं. त्यांनी कागद चाळले. दिसलो नसेन म्हणून उभा राहून पुन्हा मान हलवली. शिपाई खाली बसा म्हणाला.

मग पोरगा आत आला. राखाडी कोट.

इथे खोटं लिहीत नाही : माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, खांदा काय झकास पडलाय! तेवढ्यात मेहुण्याने माझं मनगट धरलं. दाजी, म्हणाला, काजं माझी आहेत.

आणि त्या पोराच्या बाजूने उभे राहिले मोठे वकीलसाहेब. माझ्याच कोटात. त्यांच्या कोटाचा काखेतला मुंढा मी मुद्दाम मोकळा ठेवतो, हात उचलताना कोट ओढला जाऊ नये म्हणून. हात कसा छान उचलला गेला. थेट किल्लीवाल्या काकांकडे. विचारलं, त्या दिवशी चष्मा डोळ्यावर होता की खिशात? दोऱ्याने बांधलेला, तोच ना?

काका खरं बोलणारा माणूस. खिशात, म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. दुसरं काही केलं नाही, नुसतं बघितलं.

२१ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. वकिलांचा धंदाच तो. साहेबांचा नाइलाज झाला असणार. बहुतेक मनात काही योजना आहे, वरवर त्याच्या बाजूने बोलून शेवटी आपल्याकडे वळवतील. खात्री करायला फोन केला. साहेब बिझी. पुन्हा केला. बिझी. चौथ्यांदा ज्युनिअर म्हणाला, मास्तर, कोट छान झालाय, फोन करू नका.

बायको विचारत होती काय म्हणाले. म्हटलं, कोट आवडला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल. दंड आणि समज देऊन सोडला. साक्षीदाराला नीट दिसलं असेल याची खात्री नाही. जखमी माणसानेही काळजी घेतली नाही. आरोपीचं वय कोवळं, वागणं नम्र, राहणी साधी. साधी! न्यायाधीशसाहेब त्याच्याकडे बघून दोनदा म्हणाले. ती साधी राहणी मी कापली, मी शिवली, निम्म्या शिलाईत.

पोराने जाताना आमच्याकडे बघितलंही नाही. बापाने वकीलसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. माझ्याच शिवणीवर.

मला फसवलं. मी या लोकांना माझी माणसं समजत होतो. बाहेरून कुणी फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. इथे मीच दार उघडलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि काकांचा चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला.

बायको रस्ताभर मेहुण्याला हात देत चालली. घरी आल्यावर म्हणाली, कागदावर आलं हो शेवटी. माझ्या भावाची चूक.

निश्चय : यापुढे काळा कोट शिवणार नाही. शाळेचे युनिफॉर्म शिवीन.

३ मार्च

निश्चय पक्का. एकाही वकिलाचं काम घेतलं नाही. एकही आला नाही, हा भाग वेगळा.

६ मार्च, गुरुवार

ज्युनिअर आला. हातात राखाडी कोट. पोरगा शिकायला परदेशी चाललाय, निघण्याआधी पार्टी आहे. काम झालं, म्हणाला, आता खांदे बरोबर मापात घ्या, बाहीसुद्धा. साहेबांनी नमस्कार सांगितलाय.

मी त्याला उभा आडवा झापणार होतो. वाक्यं तयार होती. तोंडातून निघालं, शनिवारी देतो.

बायकोने ऐकलं. उठून आत गेली. मेहुण्याने कोट मांडीवर घेतला, काजांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. खांदे उसवा, म्हणाला, काजांना काही करावं लागणार नाही.

८ मार्च, शनिवार

खांदे अर्धा इंच आत घेतले. बाही वर घेतली. उत्तम झालाय. ज्युनिअर घेऊन गेला.

मशीन बंद करत होतो तर मेहुणा म्हणाला, दाजी, वेळ असला तर माझी पँट बघाल का? डावी बाजू जमिनीवर लोळते, पाय अडकतो.

त्याला भिंतीशी उभा केला, टेप लावला. डावा पाय पाऊण इंच कमी भरला. पुन्हा लावला. पाऊण इंचच. म्हटलं, बोलला का नाहीस? म्हणाला, वाटलं तुम्हाला दिसलं असेल.

नोव्हेंबरपासून माझ्यासमोर चालतोय तो.

खाली बसलो आणि खडूने खूण केली. वाकडी गेली. पुसून पुन्हा केली.