चेंबर चारचं दार

३ मार्च, सोमवार. लातूर

रुजू झाले! आईनं बांधून दिलेले धपाटे दुपारी सगळ्यांना वाटले, त्यामुळे पहिल्याच दिवशी ओळखी झाल्या. प्रियदर्शनी एवढं लांब नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून ‘दर्शनी मॅडम’ ठरलं. चालेल.

कंपनी म्हणजे एमआयडीसीतलं कोल्ड स्टोरेज. चार चेंबर आहेत. तिनांत चिंच, बेदाणा, मिरची. चौथ्यात सीताफळाचा गर, उणे अठरा अंशांवर गोठवलेला. माझं काम टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चारही चेंबरचं तापमान, दारं आणि कॅमेरे सांभाळायचं. एखादं दार जास्त वेळ उघडं राहिलं की पडद्यावर लाल पट्टी येते : ‘दार उघडं आहे. बंद करायचं?’ आपण ‘होय’ दाबायचं. दार सरकतं, कुलूप बसतं. खुर्चीवरून उठायचंही काम नाही.

मालक श्रीमंतराव स्वतः सगळीकडे फिरवून आणत होते, नवी गाडी दाखवावी तसे. सिद्धलिंग मामा नावाचे राखणदार आहेत, निलंग्याच्या पलीकडचे, बोलता बोलता कानडीत शिरणारे. चेंबरमध्ये घालायचा जाड कोट त्यांनी मला चढवला तर तो घोट्यापर्यंत आला. मामा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

खोली साखराबाईंच्या घरी मिळाली. स्वच्छ आहे, पाणी एक दिवसाआड. बाई स्वभावानं मोकळी दिसते. छान वाटतंय.

२५ मार्च, मंगळवार. नांदेड

आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता दोन-तीन महिने पलंग. माझ्याशिवाय तिला कोण आहे? राजीनाम्याची तयारी ठेवूनच श्रीमंतरावांना फोन केला. ते म्हणाले, राजीनामा कशाला, घरून बघा की. हंगाम सुरू आहे, मला आता नवीन माणूस कुठून मिळणार.

कॉम्प्युटरचं बघणारा महांतेश दुपारभर फोनवर होता. माझं लातूरचं मशीन तिथं चालूच राहणार आणि मी इथून त्यात शिरणार. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा ओटीपी. घरच्या वायफायचाही पासवर्ड त्यानं बदलायला लावला. लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही, उठताना कुलूपबंद करून उठायचं, असं दोनदा बजावलं. कोण कधी आत आलं आणि काय केलं याची नोंद तिथं आपोआप होते म्हणे.

माझ्या आधी कुणी असं घरून बघत होतं का, विचारलं. म्हणाला, हो, रविकांत म्हणून होता, रविवारी घरून बघायचा. सोडून गेला. का सोडलं ते विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला.

१ एप्रिल, मंगळवार

जमतंय. टेबल आईच्या पलंगाशेजारीच लावलंय, दाराकडे पाठ करून. तिकडे मामा गेटवर दिसतात, इकडे आईच्या गोळ्या. मामा कॅमेऱ्याखालून जाताना मुद्दाम वर बघून हात हलवतात. आईनं पाहिलं तेव्हापासून तीही हात हलवते. त्यांना ते कुठून दिसणार!

६ एप्रिल, रविवार

रविवारी तिकडे सुट्टी असते. हमाल नाहीत, ऑफिस बंद, एकटे मामा गेटवर. जेवून बसले तर चेंबर चारमध्ये एक माणूस उभा. थप्प्यांच्या मध्ये, कॅमेऱ्याकडे पाठ करून. अंगात साधा सदरा. उणे अठरामध्ये.

मामांना फोन केला. ते कोट घालून, फोन कानाला लावून आत गेले. मी त्यांना पडद्यावर बघत होते. त्या माणसाच्या अगदी हातभर अंतरावरून गेले आणि पुढे निघून गेले. मी म्हणाले, मामा, तुमच्या डाव्या हाताला. ते वळले, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“मॅडम, हितं कुणीबी न्हाई.”

मग मी म्हटलं, कॅमेऱ्यात बिघाड असेल. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, बिघाडच म्हणा.

आमच्या घरात भुताखेताला कधी जागा नव्हती. आई अंगणवाडीत होती तेव्हा अंगारे-धुपारे घेऊन येणाऱ्या बायांना डॉक्टरकडे पिटाळायची. म्हणून तिला काही सांगितलं नाही. इथं लिहितानाही लाज वाटून राहिली आहे.

९ एप्रिल, बुधवार

महांतेशचा फोन. काल सकाळी मी चेंबर चारचं दार तीनदा उघडून बंद का केलं, असं विचारत होता. काल सकाळी मी आईचे रिपोर्ट आणायला हॉस्पिटलात होते. लॅपटॉप कुलूपबंद होता. मोबाइल माझ्या पर्समध्ये होता आणि एकही ओटीपी आला नव्हता. तो म्हणाला, मॅडम, नोंद तुमच्या नावाची आहे, आणि आलीय ती तुमच्या घरच्याच नेटवरून.

आईला विचारलं, काल कुणी आलं होतं का. आई म्हणाली, कोण येणार? तू नव्हतीस का टेबलापाशी बसलेली? पाणी मागितलं तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. मला वाटलं, कामात आहेस.

पासवर्ड बदलला. वायफायचाही बदलला. बाहेर जाताना आता लॅपटॉप बरोबर नेते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आईचा पलंग खिडकीशी ओढला, तिनं मिरवणूक पाहिली आणि निळा गुलाल मागून कपाळाला लावून घेतला. तेवढा वेळ बरं वाटलं.

मग रविकांतला फोन लावला. नंबर मामांनी दिला होता. ‘कोल्ड स्टोरेज’ म्हटल्यावर तो फोन ठेवायलाच निघाला. मी सदऱ्यातला माणूस सांगितला तेव्हा बोलू लागला. गेल्या वर्षी एका रविवारी थोडा माल काढायचा म्हणून एकच हमाल बोलावला होता. नरसिंग नाव, उमरीकडचा. रविकांत घरून बघत होता. लाल पट्टी आली. त्यानं ‘होय’ दाबलं. आतून दार उघडायचा दांडा बर्फानं धरला होता. मामा त्या दिवशी रजेवर होते. सोमवारी दार उघडलं.

मी विचारलं, दाबायच्या आधी कॅमेरा बघितला नव्हता का? त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला.

“बघितला होता ताई. आत कुणीच नव्हतं. तेव्हा दिसला नाही तो, आता दिसतो.”

बोलणं संपताना त्यानं एवढंच सांगितलं की, काही झालं तरी ‘होय’ दाबू नका.

१६ एप्रिल, बुधवार

श्रीमंतरावांना म्हटलं, मला हे काम नको. ते म्हणाले, मे संपेपर्यंत थांबा, मग अनुभवाचा दाखला देतो. नरसिंगचं नाव काढलं तर म्हणाले, त्याच्या घरच्यांचं सगळं केलंय आम्ही.

मग महांतेशला सांगून माझ्या खात्यातून दारांची परवानगी काढून टाकायला लावली. आता मी नुसतं बघू शकते. दार लावूही शकत नाही, उघडूही शकत नाही. पट्टी आली तर फोन करायचा, मामा हातानं दार लावतील. हे आधीच सुचायला हवं होतं. आज शांत झोप लागेल.

२० एप्रिल, रविवार

तो आहे. आता पाठ नाही, अर्धा वळून उभा आहे. गाल दिसतो. पांढरा.

मी पडद्यावरची ती खिडकी बारीक केली आणि दिवसभर आईशी पत्ते खेळले.

२७ एप्रिल, रविवार

लिहून ठेवते. पोलीस विचारतील तेव्हा नीट सांगता आलं पाहिजे.

भर दुपार. चेंबर चारची लाल पट्टी आली. दार आपोआप उघडलं होतं. कॅमेऱ्यात तो समोर तोंड करून उभा. मामांना फोन केला आणि म्हटलं, जाऊ नका, महांतेशला बोलावते. ते म्हणाले, तवर गर इतळून जाईल मॅडम, मी काय आत जातो का, दारच लावायचंय.

दाराशी आले. कोट नव्हता. हात दाराला लावला आणि थांबले. आत बघत राहिले. फोन चालूच होता.

“नरसिंग? हितं काय करून राहिला रं तू?”

मी ओरडले, मामा, बाहेर या. त्यांनी ऐकलं नाही. लेकराला आणायला जावं तसे हात पुढे करून आत गेले.

पट्टी — बंद करायचं? — मी हात मांडीखाली दाबून धरले होते, आई साक्षी आहे — ‘होय’ आपोआप दाबलं गेलं. खाली नाव माझं.

‘उघडा’ दाबत राहिले. प्रत्येक वेळी एकच. ‘ही परवानगी तुमच्याकडे नाही.’ मीच काढायला लावली होती.

महांतेश उचलेना. श्रीमंतराव माहूरला, गडावर रेंज नाही. ११२ लावला, पत्ता सांगितला, गाडी निघाली म्हणाले. मामा दांडा ओढत होते. मग लाथा मारत होते. मग कॅमेऱ्याखाली आले आणि वर बघितलं. हात हलवला —

दुसरा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

२८ एप्रिल, सोमवार

पोलिसांना कुलूप तोडायला वेळ लागला. मामा गेले.

मुलगी आहे त्यांना, लग्न झालेली. तिचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. बाबा तुमचं नाव घ्यायचे, एवढंच म्हणाली.

१ मे, गुरुवार

जबाब दिला. नोंदीत माझं नाव, माझ्या घरचं नेट. महांतेशनं लिहून दिलं की परवानगी त्यानं काढली होती. साहेब म्हणाले, मग दार लावलं कुणी?

खातं बंद केलं. लॅपटॉपमधलं सगळं पुसलं. बॅटरी संपू दिली. कपाटात कपड्यांखाली ठेवला, किल्ली आईच्या उशाला.

आई म्हणते, यंत्राचा दोष आहे, तुझा नाही. जवळ घेऊन म्हणाली. पण काल तिनं विचारलं, टेबलाशी बसतेस ते ठीक, पण हे दोघं कोण येऊन उभे राहतात?

४ मे, रविवार

नांदेड तापून निघालंय. पंखा गरम हवा फेकतोय.

आईला भरवून आले तर लॅपटॉप टेबलावर. उघडा. कपाटाला कुलूप तसंच —

पडद्यावर कॅमेरे चालू. एक, दोन, तीन, चार. चार रिकामा.

खाली पाचवी खिडकी.

चेंबर तर चारच आहेत.

पाचव्यात एक पलंग. पलंगावर म्हातारी बाई. टेबलाशी एक मुलगी, दाराकडे पाठ करून, वहीत लिहितेय. तिच्यामागे उघडं दार. दारात दोघं.

मी वळून पाहिलं. दारात कुणी नाही. पडद्यावर आहेत. आत आले —

वायर ओढली. बंद होत नाही. आईला उचलून न्यायचं तर — उचलवत नाही मला — शेजारच्या मनिषाला हाक मारली —

लाल पट्टी. दार उघडं आहे. बंद करायचं

नाही नाही नाही दाबतेय मी —

दार लागलं. कडी बाहेरून. आई विचारतेय, दार कुणी लावलं गं.

शाई उमटत नाही. बोटं —

आई गोधडी मागून राहिली. मे महिन्यात. तिच्या तोंडातून वाफ